‘आढळले नाही’ या शब्दांची जबाबदारी

डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषधच पाकिस्तानातील गिधाडांच्या संहाराचे कारण आहे, असे 2004 साली सिद्ध झाले, तेव्हा मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या 25 पैकी 25 गिधाडांत त्या औषधाचा अवशेष मिळाला या होकाराइतकेच वजन, ज्यांची मूत्रपिंडे शाबूत होती अशा 13 गिधाडांत तो मुळीच मिळाला नाही, या नकारालाही होते. आणि 2006 साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर जी बंदी आली, तिच्यामागील पुराव्यात त्या तेरा नकारांचाही वाटा होता.

आपल्या अहवालांत ‘आढळले नाही’ हा शेरा आपण रोज लिहितो; परंतु त्याचे खरेखोटेपण लाखो रुपयांच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नव्हे, तर त्याआधी काही मिलिग्रॅम शोषकाने भरलेल्या कार्ट्रिजमध्ये ठरत असते. सिलिकेवरील सी-18 शोषक वापरताना, मिथेनॉल व पाणी सोडून भिजवलेला थर, निर्वाताची तोटी वेळेवर बंद न झाल्यामुळे नमुना ओतण्यापूर्वीच कोरडा पडला, की रिकव्हरी ढासळत असे. डायव्हिनिलबेन्झीन व व्हिनिलपायरोलिडोन यांचा सहबहुवारिक 1996 च्या सुमारास बाजारात आला आणि ही धास्ती संपली. कारण त्याचा एक घटक स्निग्धस्नेही, तर दुसरा जलस्नेही असल्याने थर कोरडा पडला तरी त्याची धारणशक्ती टिकते, आणि सिलिकेला न सोसणारे तीव्र अल्कही तो सोसतो.

मात्र या औदार्यानेच आपल्याला आळशी केले, हे कबूल केले पाहिजे. सर्वांना आश्रय देणारा शोषक नदीच्या पाण्यातील ह्यूमिक आम्लांना आणि रक्तद्रवातील फॉस्फोलिपिडांनाही आश्रय देतो, आणि ती मंडळी औषधाबरोबरच उतरून त्याचे आयनीभवन दडपतात; औषध नमुन्यात असते, संदेश मात्र उमटत नाही. 2007 साली पटानचेरूच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत मिळाले. तेथे ढोबळ पद्धतही चालली असती, परंतु नॅनोग्रॅमांच्या शोधात ती चालणार नाही. हेच औषध आम्लात धनभारित होत असल्याने, धनायन-विनिमयी बहुवारिकावर ते धरून ठेवावे, मिथेनॉलने इतर गाळ धुऊन काढावा आणि मग अमोनियायुक्त मिथेनॉलने ते उतरवावे, ही तजवीज अधिक न्यायाची. रेण्वीय छापाचे बहुवारिक याहूनही चोखंदळ खरे. पण छाप घेताना वापरलेला रेणू मागे राहून झिरपला, तर तेथे होकारच खोटा ठरतो.

म्हणून आमची आग्रहाची विनंती अशी, की प्रत्येक ‘आढळले नाही’ बरोबर शोधमर्यादा लिहावी, आणि त्याच प्रकारच्या नमुन्यात ज्ञात मात्रा एकदा निष्कर्षणापूर्वी व एकदा निष्कर्षणानंतर मिसळून, कार्ट्रिजमध्ये किती हरवले आणि आयनीभवनात किती दडपले, याचा स्वतंत्र हिशेब दप्तरी ठेवावा. हा हिशेब जोडलेला असेल तरच आपल्या नकाराला त्या तेरा नकारांच्या पंक्तीत बसण्याचा अधिकार मिळेल.