विश्लेषण : दिवसभर गेम खेळा आणि पगार घ्या? गेम टेस्टरची नोकरी प्रत्यक्षात कशी असते?

'गेम खेळण्याचे पैसे मिळतात' असे सांगणाऱ्या रील्सची कमतरता नाही. बारावीनंतर काय, यावरून घरात वाद सुरू असलेल्या मुलाला असे काम म्हणजे लॉटरीच वाटते. काम खरे आहे, पगारही मिळतो. 'खेळणे' हा शब्द तेवढा फसवा आहे.

खेळायचे नाही, मोडून पाहायचे...

टेस्टरच्या हाती येतो तो अर्धवट गेम. त्याला 'बिल्ड' म्हणतात. समजा, रेसिंग गेममधील एक ट्रॅक वाट्याला आला. मग त्या ट्रॅकच्या प्रत्येक भिंतीवर गाडी आदळायची. सरळ, तिरकी, रिव्हर्समध्ये, कमी वेगात, पूर्ण वेगात. गाडी कुठे भिंतीच्या आरपार जाते का, अडकते का, ते पाहायचे. दुसऱ्या दिवशी नवी बिल्ड येते आणि त्याच भिंती पुन्हा तपासायच्या, कारण एक चूक दुरुस्त करताना दुसरीकडे काहीतरी बिघडलेले असते. याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. हे महिनोनमहिने चालते. गेम बाजारात येईपर्यंत अनेक टेस्टरना तो नकोसा झालेला असतो.

दोष सापडणे हे निम्मेच काम. उरलेले निम्मे लिहिण्याचे. 'गेम बंद पडला' एवढ्या नोंदीचा कुणालाच उपयोग नसतो. कोणती बिल्ड, कोणता फोन, कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले आणि दहापैकी किती वेळा झाले, हे सगळे लिहावे लागते. 'माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय' हे प्रोग्रामरचे ठरलेले उत्तर. त्यामुळे पन्नास वेळांत एकदाच दिसणारा दोष पुन्हा घडवून दाखवण्यात अख्खी संध्याकाळ जाते. उत्तम गेमरपेक्षा नेमके लिहिणारा माणूस इथे जास्त टिकतो.

शिवाय खेळणाऱ्याच्या कधी लक्षातही येत नाहीत अशा गोष्टी असतात. ऐन सामन्यात फोन आला तर? सेव्ह होत असतानाच बॅटरी संपली तर? कन्सोलसाठी सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो यांची स्वतंत्र नियमावली आहे. ती पार केल्याशिवाय गेम त्यांच्या मंचावर विक्रीला येत नाही. भारतात बहुतेक जण मोबाइलवर खेळतात. त्यामुळे कमी रॅमच्या स्वस्त फोनवर गेम अडखळतो का, फोन तापतो का, हेही तपासावे लागते.

दोष सापडतो, मग सुटतो कसा?

'सायबरपंक २०७७' हा बहुचर्चित गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. जुन्या कन्सोलवर तो इतका सदोष होता की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तो परतला जून २०२१ मध्ये. खेळाडूंना अनुभवाला आलेले बरेच दोष चाचणीत दिसलेच नव्हते, असे कंपनीच्या सहसंस्थापकांनी जाहीर व्हिडीओत सांगितले. दोष माहीत होते, दुरुस्तीला वेळ नव्हता, असे काही कर्मचाऱ्यांनी नाव न देता माध्यमांना सांगितले. दोघांपैकी खरे कोण, हा वाद बाजूला ठेवला तरी या नोकरीचे दुखणे इथेच आहे. टेस्टर नोंद करतो. काय दुरुस्त करायचे आणि गेम कधी आणायचा, हे वरचे ठरवतात. समाजमाध्यमांवर शिव्या मात्र 'टेस्टिंग करतं कोण?' म्हणत टेस्टरलाच पडतात.

कंत्राटाचा प्रश्न

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात रेव्हन सॉफ्टवेअर हा स्टुडिओ 'कॉल ऑफ ड्यूटी'वर काम करतो. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या १२ कंत्राटी टेस्टरना कामावरून कमी केले जात असल्याचे सांगण्यात आले. सहकाऱ्यांनी काम बंद केले, ते कित्येक आठवडे चालले. मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी टेस्टरची संघटना उभी राहिली. त्याआधी एप्रिलमध्ये मूळ कंपनी ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डने सुमारे ११०० टेस्टरना कायम करून ताशी किमान २० डॉलर वेतन जाहीर केले होते. रेव्हनचे टेस्टर वेतनवाढीतून वगळले गेले. कंपनीने कामगार कायद्याकडे बोट दाखवले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने झेनिमॅक्समधील सुमारे ३०० टेस्टरच्या संघटनेला मान्यता दिली.

हे सगळे दूरचे वाटेल. पण युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे आणि परदेशी गेमच्या चाचणीचे काम भारतातही होते. या व्यवसायात प्रकल्पापुरते कंत्राट, गेम बाजारात येण्याआधीचे जादा तास आणि गोपनीयतेचा करार या गोष्टी नेहमीच्या आहेत. करारामुळे आपण कोणत्या गेमवर काम केले, हे तो जाहीर होईपर्यंत बायोडेटात लिहिता येत नाही. गेमच्या श्रेयनामावलीत नाव न येणे, ही टेस्टरची जुनी तक्रार. ज्या कामावर गेमची अब्रू अवलंबून असते, त्यालाच हंगामी समजण्याची ही सवय अन्यायाची तर आहेच, पण धंद्याच्या हिशेबातही चुकीची आहे. जुना टेस्टर गेला की गेम नेहमी कुठे मोडतो, याची माहितीही त्याच्याबरोबर जाते.

एआय आल्यावर?

तपासणी आणि दोष शोधण्याचे ७० टक्के काम २०२७ अखेरपर्यंत स्वयंचलित करण्याचे उद्दिष्ट जपानच्या स्क्वेअर एनिक्सने जाहीर केले आहे. भिंतीवर हजार वेळा गाडी आदळण्याचे काम यंत्राने खुशाल करावे. एखादा टप्पा कंटाळवाणा आहे किंवा मराठी भाषांतर हास्यास्पद झाले आहे, हे अजून माणसालाच नीट कळते. पण या क्षेत्रात शिरण्याची पहिली पायरी नेमकी ती भिंतीची कामेच होती. त्यामुळे नव्याने येणाऱ्याने थोडे पायथन, युनिटीसारखे इंजिन आणि ऑटोमेशन टेस्टिंग शिकून ठेवावे. गेममध्ये जमले नाही, तरी ऑटोमेशनचे कौशल्य बँकेच्या ॲपच्या चाचणीतही चालते.

मुलाखतीत विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. पगार स्टुडिओ देणार की कंत्राटदार? मुदत किती? जादा तासांचे पैसे मिळणार का? श्रेयनामावलीत नाव येणार का? आणि 'घरबसल्या गेम टेस्टर व्हा' म्हणत कोणी आधी नोंदणी शुल्क मागितले, तर तो नंबर ब्लॉक करावा.