जागा राज्याच्या, पण मूल कोणत्या राज्याचे?

ठाण्यातल्या कोलशेतला पूर्वी रसायनांचे कारखाने आणि हवाई दलाचा तळ ही ओळख होती. आज तिथे टॉवर उभे आहेत आणि नोकरीनिमित्त देशभरातून आलेली कुटुंबे त्यांत राहतात. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की अशा वस्त्यांतून दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, गुणवत्तेला राज्य नसते, तेव्हा राज्य कोटा रद्द करा. दुसरे म्हणते, पैसा महाराष्ट्राचा, मग परप्रांतीयांना एक तरी जागा का द्यायची? कोटा हवाच, पण तो ज्या कसोटीवर वाटला जातो ती मात्र तपासायला हवी.

आधी गुणवत्तावाद्यांचे म्हणणे पाहू. एमबीबीएसच्या जागा ही नुसत्या हुशारीची बक्षिसे नाहीत. राज्याला लागणारे डॉक्टर घडवण्याची ती सोय आहे. १९८४च्या डॉ. प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वास्तव्यावर आधारलेल्या जागांना मर्यादा घातली, पण त्या मोडीत काढल्या नाहीत. त्यातूनच पुढे सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याला गेल्या. जानेवारी २०२५मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातले वास्तव्याचे आरक्षण न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, तेव्हाही एमबीबीएसच्या पातळीवर ते काही प्रमाणात चालेल हा भेद राखला. शिकाऊ डॉक्टर आणि तज्ज्ञ डॉक्टर यांना एकच माप लावता येत नाही, हे त्यामागचे सरळ कारण.

आता भूमिपुत्रवाद्यांकडे वळू. १५ टक्के जागा म्हणजे परप्रांतीयांना दिलेले आंदण नव्हे. त्या जागांसाठी महाराष्ट्रातली मुलेही झुंजतात आणि इतर राज्यांतल्या तशाच जागा त्यांनाही खुल्या असतात. पैशाचा मुद्दा तर उलटाच पडतो. कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिका चालवते आणि त्या पालिकेचा मालमत्ता कर कोलशेतचा नवा रहिवासीही भरतो. ‘आमच्या भागाच्या जागा आमच्याच मुलांना’ हे सूत्र राज्याने स्वतःच्या हद्दीतही वापरून पाहिले. ७०:३० या प्रादेशिक वाटपात मराठवाड्यात जागाच कमी होत्या. त्यामुळे जास्त गुण मिळवूनही तिथली मुले मागे राहत. २०२०मध्ये ते वाटप रद्द करावे लागले. प्रदेशाची रेघ ही सोय असते. तिचा हक्क केला की आपलीच मुले भरडली जातात.

खरी गफलत आहे ती ‘राज्याचा विद्यार्थी’ ठरवण्यात. दहावी लखनौला आणि अकरावी-बारावी ठाण्यात केलेली मुलगी घ्या. इंजिनिअरिंगच्या एनआयटींमध्ये निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात आणि गृहराज्य बारावीवरून ठरते. म्हणून नागपूरच्या व्हीएनआयटीला ती महाराष्ट्राची. वैद्यकीयच्या उरलेल्या ८५ टक्क्यांसाठी मात्र अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावीही इथलीच लागते; म्हणून कळव्यात ती परकी. बदलीवर येणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना यात अटींवर सवलत आहे, खासगी नोकरदाराच्या मुलीला नाही. बदली दोघांच्याही बापाची झाली, हे नियमाला दिसत नाही. उलट ठाण्यातला मुलगा कोटा शहरातल्या क्लाससाठी राजस्थानच्या, नावापुरत्या प्रवेशाच्या ‘डमी’ शाळेतून बारावी झाला, तर नागपूरचे गृहराज्य आणि इथला ८५ टक्क्यांचा वाटा, दोन्ही गमावून बसतो. पालकांना हे बहुतेक वेळा अर्ज भरताना कळते.

यावर आक्षेप येईल की दहावीची अट काढली तर लोक दोन वर्षांपुरते भाड्याने घर घेऊन घुसतील. त्याला उपाय आहे: अकरावी-बारावीची नियमित हजेरी आणि त्या काळातले पालकांचे इथले वास्तव्य व नोकरी, दोन्हींचे पुरावे मागावेत. दुसरा आक्षेप असा की शिकून ही मुले निघून जातील. पण इथे जन्मलेलीही जातातच. त्यासाठी सरकारी महाविद्यालयांत एक वर्षाच्या सेवेचा बाँड आहे. राज्याचा खर्च वसूल करायचा तर त्या बाँडची अंमलबजावणी कडक करावी. दहावीच्या मार्कशीटवरचा गाव पाहून डॉक्टर इथे टिकत नाही. ८५ टक्के राज्याचेच राहू द्या. फक्त राज्याचा कोण, हे इंजिनिअरिंगला एक आणि मेडिकलला दुसरे, असे ठरवणे थांबवा.