किल्ली बाहेर काढा

शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली असते. आत थ्रीडी प्रिंटर, सेन्सरचे डबे, सोल्डरिंगची गन, पाने-पकडी, सगळं नवंकोरं. दाराला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मुलं मोडून ठेवतील हो."

अहो, मोडण्यासाठीच तर ती खोली दिली होती!

सगळ्याच शाळांत असं चालतं असं मी म्हणत नाही. खोली सुट्टीच्या दिवशीही उघडी ठेवणारे गुरुजी आणि बाई मी पाहिले आहेत. पण कुलपं त्याहून जास्त पाहिली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने देशभरात सुमारे १०,००० शाळांना अशाच खोल्या, म्हणजे टिंकरिंग लॅब, दिल्या, एकेका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली. म्हणजे खोल्या येताहेत, अजून येतील. त्यांत मुलं कधी शिरणार, हा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे इंजिनिअर होण्याचा रस्ता असा: दहावीला गणित-विज्ञानात चांगले मार्क, मग दोन वर्षं क्लास, मग सीईटीचा पर्सेंटाइल, मग कॅप राउंडमध्ये मिळेल ती शाखा. या साऱ्या प्रवासात पोरानं एक नट सैल केलेला नसतो. 'मेकॅनिकल की कॉम्प्युटर?' असं आपण त्याला विचारतो, पण आवडनिवड ठरवायला त्याच्या हाताला काही लागलेलंच नसतं. न चाखता ताट निवडायला सांगण्यासारखंच आहे हे.

त्याहून वाईट गोष्ट वेगळी आहे. दहा-बारा वर्षं आपण मुलांना बजावतो की शेजारच्याच्या वहीत डोकावणं म्हणजे कॉपी. परीक्षेपुरतं ते बरोबरच. पण इंजिनिअरिंगचं सारं काम शेजाऱ्याच्या वहीत डोकावूनच चालतं. कुणी आराखडा काढतो, कुणी वजनाचा हिशेब करतो, कुणी वेल्डिंग करतो. एकाची चूक दुसऱ्याला वेळेवर दिसली नाही, किंवा दिसूनही सांगता आली नाही, तर काम कोसळतं.

अक्षरशः कोसळतं. कॅनडात क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर एक अवाढव्य पोलादी पूल बांधला जात होता. पुलाचं स्वतःचं वजन हिशेबात कमी धरलं गेलं होतं. दाब सोसणारे खालचे पोलादी भाग किंचित बाकायला लागलेत, हे जागेवरच्या माणसांना आधी दिसलं होतं. ही बातमी घेऊन एक तरुण अभियंता थेट न्यूयॉर्कला, सल्लागार अभियंत्याकडे गेला. आणखी भार चढवू नका, अशी तार निघाली, पण ती पुलापर्यंत वेळेत पोचलीच नाही. २९ ऑगस्ट १९०७ च्या संध्याकाळी पूल नदीत गेला आणि ७५ कामगार मेले. पोलाद वाकलं हे खरंच, पण त्याआधी माणसांमधला निरोप तुटला होता.

हा धडा पुस्तकातून वाचून कळतो, अंगात मुरत नाही. तो मुरावा म्हणून एक स्पर्धा सांगतो. तिला लॅब नको, अनुदान नको. पाच-पाच जणांचे संघ करा. प्रत्येक संघाला आइस्क्रीमच्या शंभर कांड्या आणि फेविकॉलची एक बाटली द्या. दोन बाकांमध्ये दीड फुटाचं अंतर ठेवा. त्यावर पूल बांधायचा, मध्यभागी बादली टांगायची आणि तिच्यात वाळू ओतत जायची, पूल मोडेपर्यंत. स्वतःच्या वजनाच्या जास्तीत जास्त पट भार पेलेल तो पूल जिंकला.

पहिल्या वेळी बहुतेक संघ चौकटी जोडतात. चौकोन कलंडतो आणि पूल बाजूला झोपतो. कुणाच्या तरी लक्षात येतं की तिरपी कांडी लावली की चौकटीचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण हलत नाही. दुसऱ्या वेळी वरच्या कांड्या दाबाखाली बाकतात. तेव्हा गणिताच्या बाईंनी फक्त एवढं सांगावं: कांडीची मोकळी लांबी निम्मी केली तर ती बाकायला चौपट दाब लागतो. मधोमध एक आधार दिला की काम झालं. हे सूत्र पुढे इंजिनिअरिंगच्या वर्गात फळ्यावर येतं, पण ज्या पोरानं नववीत आपली कांडी बाकताना डोळ्यांनी पाहिली, त्याला ते पाठ करावं लागत नाही. तिसऱ्या वेळी पूल सांध्यात सुटतो, कारण डिंक वाळायच्या आत घाई कुणी केली यावरून पाचांचं भांडण झालेलं असतं. ते भांडण होऊ द्या. मध्ये पडू नका. त्यातूनच पुढच्या खेपेला एकजण घड्याळ घेऊन बसतो.

अमेरिकेत एमआयटीच्या वूडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात हेच केलं. विद्यार्थ्यांना सारख्याच फुटकळ सामानाची पिशवी द्यायची, यंत्र बनवायला सांगायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर यंत्रांची झुंज लावायची. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली, तेव्हा फ्लॉवर्स त्यांच्याबरोबर होते. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आज तिच्या वेगवेगळ्या गटांत भारतातल्या शाळाही उतरतात. लहान मुलांच्या गटात अडीच मिनिटांत रोबोला टेबलावरची कामं स्वतःहून करावी लागतात. मोठ्यांच्या गटात तीन संघांची एक आघाडी दुसऱ्या तिघांशी लढते आणि प्राथमिक फेऱ्यांत आघाड्या सामन्यागणिक बदलतात. मगाशी ज्याला हरवलं तो आता आपला जोडीदार. त्याच्या रोबोची मोटर जळाली असेल तर आपली जादा मोटर त्याला द्यावी, हे तिथे शहाणपणाचं ठरतं. आपल्याकडे गाइड लपवून अभ्यास करणाऱ्या पोरांना हा एवढा एक बदल मिळाला तरी मी समाधानी आहे.

आणि हे सगळं परकं आहे असं कृपा करून म्हणू नका. आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेज विद्यार्थ्यांची रोबोकॉन स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात भरली, तेव्हा खेळच गोविंदाचा होता, मटकीतलं लोणी काढणाऱ्या रोबोंचा! २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्याला आली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या गणेश मंडळांत हलते देखावे होताहेत. जुन्या वायपरच्या मोटरवर राक्षसाची मान फिरवणारी, रात्री दोनला उडालेला फ्यूज शोधणारी पोरं ही इंजिनिअरच आहेत, फक्त त्यांना तसं कुणी सांगितलेलं नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता शिकता येतं या एका विश्वासावर. शाळेने नापास ठरवलेली मुलं तिथे वेल्डिंग करत, बांधकाम करत विज्ञान शिकली.

पालकांना एक स्पष्ट सांगतो. स्पर्धेच्या नावाखाली महागडा क्लास लावायचा, रोबो क्लासच्या सरांनी जुळवायचा आणि मुलानं ट्रॉफीबरोबर फोटो काढायचा, हा उद्योग बंद करा. चांगल्या स्पर्धांत परीक्षक मुलांनाच विचारतात, हे चाक इथेच का बसवलं? पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला गळून पडतं. वाकडा का असेना, स्वतःचा रोबो घेऊन शेवटून दुसरं आलेलं पोर मला जास्त आवडेल.

आणि संघात मुलींना चार्ट रंगवायला आणि सूत्रसंचालनाला बसवू नका. हे विज्ञान प्रदर्शनांत इतकं सर्रास चालतं की ते चुकतंय हेसुद्धा कुणाला दिसत नाही. २०१७ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या शालेय रोबो स्पर्धेसाठी अफगाण मुलींच्या संघाला आधी दोनदा व्हिसा नाकारला गेला. तरी त्या पोचल्या, खेळल्या आणि धैर्यासाठी रौप्यपदक घेऊन परतल्या. आपल्या मुलींना तर फक्त स्क्रू ड्रायव्हर हातात हवाय. द्या की.

गुरुजी, बाई, तुम्हाला रोबोटिक्स येत नाही, ठाऊक आहे. यायची गरजही नाही. मुलांसमोर एकदा मोकळेपणी म्हणा, "मलाही येत नाही, चला बघू या." आणि मुलांनो, गुरुजी वाट बघत बसले तर तुम्ही वाट बघू नका. पाच जण जमवा, संघाला एक झकास नाव द्या, भंगारवाल्याकडून एक बंद पडलेला मिक्सर आणा आणि तो उघडा. प्लगची वायर आधी कापून टाका, मगच उघडा.

सोमवारी शाळा भरली की मधल्या सुट्टीत पाचही जण ऑफिसात जा आणि त्या खोलीची किल्ली मागा. दिली नाही तर मंगळवारी परत जा.