आराम करा, असं सांगणं सोपं असतं

मार्केट यार्डात पहिल्यांदा गेले तेव्हा मी एका मुलाला पंधरा दिवस विश्रांती सांगून आले. मुलगा बिहारमधल्या कटिहारचा. वय एकोणीस सांगत होता, दिसत सतरा होता. पुण्यात येऊन त्याला दोन महिने झाले होते. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायात पोटरीपर्यंत जात होती. मी तपासलं, कागदावर दोन व्यायामांची चित्रं काढून दिली आणि मोठ्या गंभीरपणे म्हटलं, "पंदरा दिन वजन नहीं उठाना." तो "जी मॅडम" म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात तो मला कांदा-बटाटा विभागात दिसला. पाठीवर गोणी, कमरेला गमछा आवळून बांधलेला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मॅडम, पंदरा दिन बैठूँगा तो खोली का भाडा कौन भरेगा?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाठदुखीवर अंथरुणात पडून राहणं हा उपाय नाही, हे कॉलेजात शिकले होते. तरी त्या दिवशी क्लिनिकमधलं सवयीचं वाक्य तोंडात आलं. क्लिनिकमध्ये येणाऱ्याला रजा मिळते, पगार मिळतो, घरी गरम पाण्याची पिशवी असते. इथे बसलेल्याला दिवसाची हमाली मिळत नाही, एवढंच. मोफत दिलेला सल्लाही समोरच्याला महाग पडू शकतो, हे त्या मुलाकडून शिकले.

आता जवळजवळ तीन वर्षं आम्ही चारपाच जण दर रविवारी अकरा ते एक या वेळात यार्डात बसतो. भुसार बाजाराला रविवारी सुट्टी असते, त्यामुळे एखाद्या बंद गाळ्याचा ओटा मिळतो. फळभाज्यांच्या विभागात मात्र रविवारीच सगळ्यात जास्त आवक. तिथले हमाल मध्यरात्रीपासून गाड्या रिकाम्या करून अकराच्या सुमारास मोकळे होतात. वेळ ठरवताना एवढं साधं गणित होतं, पण तेही आम्हाला एका म्हाताऱ्या हमालानंच सांगितलं. आमचा बेत संध्याकाळी पाचचा होता. "डॉक्टरनबाई, पाच वाजता आम्ही झोपलेलो असतो," असं म्हणून ते हसले.

ही कल्पना आमची नाही, आणि नवी तर अजिबात नाही. याच यार्डात हमाल भवन उभं आहे. त्यामागची गोष्ट आपल्या पिढीतल्या अनेकांना माहीत नसते. बाबा आढाव पेशानं आयुर्वेदिक डॉक्टर होते. नाना पेठेत त्यांचा दवाखाना होता आणि आजूबाजूला भुसार बाजार. पाठ, मान, छाती धरून हमाल यायचे. औषध घेऊन जायचे आणि पुन्हा तीच पोती उचलायचे. डॉक्टरला त्यातून जे दिसायला हवं ते बाबांना दिसलं. १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी राहिली. पुढे राज्यातल्या हमाल-माथाडींच्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालीवर लेव्ही बसली, भविष्यनिर्वाह निधी आला, नोंद आली. १९७४ मध्ये पंचायतीनं 'कष्टाची भाकर' सुरू केली, कारण बाहेरगावाहून आलेल्या एकट्या माणसाला परवडेल असं पोटभर जेवण हाही आरोग्याचाच प्रश्न होता. बाबा गेले ते डिसेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी. त्यांचा दवाखाना फार पूर्वीच मागे पडला होता, पण रोग्याकडे बघायची त्यांची ती पद्धत मला अजून कामाला येते.

माझे दादा, म्हणजे अब्बांचे अब्बा, १९७२ च्या दुष्काळात बार्शीकडून पुण्यात आले आणि हमाल झाले. बाजार गुलटेकडीला हलला तसे तेही इकडे आले. तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. दादांची मान शेवटपर्यंत पूर्ण वळायची नाही. हाक मारली की ते सगळं अंगच वळवायचे. लहानपणी आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. त्या मानेला काय झालं होतं हे मला दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात कळलं, आणि त्या रात्री मी जेवले नाही.

वजनाचा मुद्दा इथे थोडा सविस्तर मांडते, कारण तज्ज्ञ माणसाचा खरा उपयोग इथे होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्ये माणसानं उचलायच्या वजनाबद्दल करार केला. त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली आहे. भारतानं या कराराला मान्यता दिली ती २०१० मध्ये. आज पन्नास किलोची गोणी सर्रास दिसते, ती हमालांनी वर्षानुवर्षं भांडून मिळवलेली आहे. पण पन्नास किलो म्हणजे हलकं झालं असं नाही. गोणी पाठीवर घेऊन चालताना मणक्यावर भार येतोच. त्याहून वाईट असतो तो गाडीतून उतरवताना वाकून घेतलेला झटका आणि थप्पी लावताना वजनासकट दिलेला पीळ. जुन्या हमालाला हे अंगवळणी पडलेलं असतं. तो कंबर न वळवता पाय फिरवतो, गोणी अंगाशी घट्ट धरतो, उंच थप्पीला जोडीदार घेतो. नवा मुलगा हे सगळं फक्त ताकदीवर करतो आणि सहा महिन्यांत मोडतो. म्हणून आम्ही आता व्यायामाचे कागद वाटत नाही. एका अनुभवी हमालालाच पुढे बोलावतो, तो नव्यांना गोणी घेऊन दाखवतो, आणि असं केल्यानं पाठ का वाचते एवढंच मी सांगते. त्याचं ज्ञान आणि माझं ज्ञान जोडलं की मुलं ऐकतात. माझं एकटीचं ऐकत नव्हती.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. दुखलं की गोळी, नाही उतरलं की इंजेक्शन. रात्रभर घाम गाळून, पाणी न पिता, उपाशीपोटी रोज वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडावर घाला येतो. मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्यातला एक फार्मासिस्ट आहे. तो फक्त खिशातल्या पुड्या बघतो आणि कशात काय आहे ते सांगतो. त्याच्यासमोर सगळ्यात मोठी रांग असते. मी मात्र एका गोष्टीवर नजर ठेवते: पाठदुखीबरोबर लघवी अडकणं, जांघेभोवती बधिरपणा किंवा पाऊल अचानक लुळं पडणं. असं दिसलं की पुढच्या रविवारची वाट बघायची नाही, रिक्षात घालून थेट ससून. तीन वर्षांत असं दोनदा झालं.

क्षयरोगाचंही असंच. एका खोलीत आठदहा जण, खिडकी नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात बेडका तपासणी मोफत होते, औषधं मोफत मिळतात. पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. उपचार साधारण सहा महिन्यांचे, आणि नेमका अर्ध्यावर मुलगा गावाला जातो. निक्षय पोर्टलवरचा त्याचा नोंदणी क्रमांक दुसऱ्या राज्यातही चालतो, हे त्याला माहीत असेल तर उपचार तुटत नाहीत. एवढी एक ओळ त्याच्या फोनमध्ये लिहून देणं हे मला कधी कधी माझ्या सगळ्या डिग्रीपेक्षा मोलाचं वाटतं.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्यात देण्याची कमतरता नाही. रमजानमध्ये कोंढव्यात किती राशन किट वाटले जातात ते आपण बघतो. कोविडच्या पहिल्या लाटेत आझम कॅम्पसनं आपली मशीद विलगीकरणासाठी खुली केली होती, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण आपल्या घराघरांत आता युनानी डॉक्टर आहेत, नर्स आहेत, डी. फार्म झालेली मुलं आहेत, वकील आहेत, हिशेब तपासनीस आहेत. त्यांच्याकडे आपण चंदा मागतो, त्यांचं शिक्षण मागत नाही. आणि मागितलंच तर मागतो ते शिबिरासाठी. मंडप, बॅनर, पाहुणे, साखर तपासणी, फोटो. शिबिरात साखर २८० निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी कुठे जातो? शिबिरांचा मला राग आहे हे कबूल करते. कदाचित थोडा जास्तच आहे, कारण मीही अशा सातआठ शिबिरांत फोटोला उभी राहिले आहे.

मागच्या वर्षी मार्चमध्ये, रोजे चालू असताना, औशाकडचे एक चाचा आले. मधुमेह, वय साठीजवळ, आणि उन्हात गाडी रिकामी करत होते. त्यांनी विचारलं, "बेटी, गोळी सहरीला घ्यायची का इफ्तारला?" हे माझं क्षेत्र नाही. मी तसं सांगितलं आणि आमच्यातल्या एका एमडी मैत्रिणीला फोन लावला. तिनं डोस बदलून दिला. साखर सत्तरच्या खाली गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा, हेही ठणकावून सांगितलं. चाचा गप्प झाले. मग शेजारी बसलेला एक मुलगाच म्हणाला, "बीमार और मुसाफिर को तो छूट है, चाचा. आप तो दोनों हो." सगळे हसले. माझ्या सांगण्यापेक्षा ते वाक्य जास्त लागू पडलं असावं.

काही जण विचारतात, हे काम आपल्या लोकांसाठीच का नाही? मला हा प्रश्न यार्डात बसून पडतच नाही. टोळीत औशाचे चाचा, माणचा धनगर, बीदरचा लिंगायत आणि कटिहारचा मुलगा एकाच गोणीची दोन टोकं धरतात. रांग नावावरून लावायची म्हटली तर टोळीच फुटेल, आणि टोळी फुटली की हमालीचा दर पडतो. ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

दुसरा आक्षेप मात्र मला टोचतो. आमच्या एका मित्राचं म्हणणं असं की तुम्ही मोफत बसता म्हणून ज्यांची जबाबदारी आहे ते निवांत राहतात. हमालीवर लेव्ही आहे, कायदा आहे, मग तुमचा ओटा कशाला? त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. पण लेव्हीचा लाभ नोंद असलेल्याला. नवा आलेला मुलगा बदलीवर काम करतो, त्याचं नाव कुठल्याच वहीत नसतं. आमच्याकडे येणाऱ्यांतले बहुतेक असेच. म्हणून दुसऱ्या वर्षापासून ओट्यावर एक वकील बसायला लागली. ती ई-श्रमची नोंद, रेशन कार्ड या राज्यात कसं वापरायचं, आयुष्मान कार्ड आहे का, हे बघते. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तो अर्ज कसा भरायचा हे तिला तोंडपाठ आहे. पाठीच्या तक्रारी आम्ही एका वहीत टिपतो, नाव न लिहिता: विभाग, गोणीचं वजन, कामाचे महिने. ती वही संघटनेच्या लोकांना दाखवायला सुरुवात केली आहे. वजनाबद्दल बोलताना त्यांच्या हातात काहीतरी असावं. मित्राच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून माझ्याकडे नाही.

कटिहारचा तो मुलगा आता तोलणाराच्या हाताखाली काम करतो. गोण्या कमी उचलतो, पैसेही थोडे कमी मिळतात. पाय दुखायचा थांबला आहे. रविवारी तो आमच्यासाठी दुभाषा होतो, कारण मागच्या पावसाळ्यापासून बंगालहून आलेली मुलं वाढली आहेत आणि त्यांची हिंदी मला कळत नाही, माझी त्यांना कळत नाही. त्यालाही सगळं जमत नाही. बांगला बोलणारी एखादी नर्स मिळाली तर फार बरं होईल. शिवाय यार्डात धान्य निवडणाऱ्या बायका अजून ओट्यावर चढायला बिचकतात. त्यांच्यासाठी स्त्रीरोगाची डॉक्टर हवी आहे, महिन्यातला एक रविवार दिला तरी चालेल. मात्र ठरलेला रविवार चुकवायचा नाही. अकरा वाजता. गेट नंबर शोधू नका, भुसार बाजारात कुणालाही "डॉक्टरनबाईचा ओटा" विचारा.