‘परम’चा अभिमान आणि परकी चिप

जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावचा शेतकरी पेरणीच्या तोंडावर आभाळाकडे पाहतो. त्या आभाळाचे गणित आज महासंगणक मांडतो. २०२५ मध्ये भारताने सहा किलोमीटर जाळीचे हवामान-प्रारूप कार्यान्वित केले. ते पुण्यातील ‘अर्का’वर चालते आणि ‘अर्का’ फ्रेंच कंपनीकडून घेतलेला आहे.

१९८० च्या दशकात अमेरिकेने प्रगत महासंगणक नाकारला. त्या अवहेलनेला उत्तर म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि अकोला जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. त्यातील प्रोसेसर ब्रिटिश होते. २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या ‘परम रुद्र’चे सर्व्हर स्वदेशी, प्रोसेसर मात्र इंटेलचे.

‘मग स्वदेशी कसले?’ असे हिणवणाऱ्यांना एवढेच सांगावे की, अनेक प्रोसेसर एका कामास जुंपण्याची विद्या आपण स्वबळावर मिळवली. पण त्या पराक्रमाच्या आठवणीवर किती काळ निभावणार? २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप देण्यावर निर्बंध घातले. उद्या तीच वेळ आपल्यावर येणार नाही, याची हमी कोण देणार?

चेन्नई आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ ही शुभचिन्हे आहेत. परंतु महासंगणकाचा पल्ला अद्याप दूर आहे. टाळ्यांपेक्षा त्यांना सरकारी खरेदीचा आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या निधीचा आधार हवा. चाक आपले, हात आपले. पण माती परक्याच्या परवानगीने मिळत असेल, तर कुंभाराचे चाक केव्हाही थांबू शकते.