चार रुपये दिल्लीचे, चार मुंबईचे

प्रति,
महिला व बाल विकास मंत्रालय, भारत सरकार,
शास्त्री भवन, नवी दिल्ली.

विषय : अंगणवाडीतील पूरक पोषण आहाराचा दर, मुलामागे दररोज ८ रुपये.
संदर्भ : आमची यापूर्वीची पत्रं. जावक क्रमांक सगळ्यांना आहेत, उत्तर एकालाही नाही.

महोदय / महोदया,

विषयाच्या ओळीत सगळं आलंच आहे. 'सविनय सादर करण्यात येते की' हा परिच्छेद मी या वेळी गाळते. नोकरीभर तोच लिहिला आणि त्याने एकही फाइल पुढे सरकली नाही.

२०१७ साली आपण ठरवलंत की सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाच्या आहारावर दिवसाला ८ रुपये खर्चायचे. मूल तीव्र कुपोषित असेल तर १२. गरोदर आणि स्तनदा मातेसाठी ९ रुपये ५० पैसे. (पन्नास पैशाचं नाणं आमच्या बाजारात कुणी हातात घेत नाही, पण टिपणीवर ते अजून खणखणतं.) आज २०२५ चा जुलै चालू आहे. दर तेच आहेत. त्या साली जन्मलेलं मूल आमच्याकडे आलं, बडबडगीतं शिकलं, वजनकाट्यावर दर महिन्याला रडलं, सहा वर्षांचं होऊन शाळेत गेलं, आता दुसरी-तिसरीत बसतंय. त्याच्या मागून आलेली भावंडंही आठ रुपयांतच जेवतात.

आणि हे आठ रुपये तरी पूर्ण आपले आहेत का? महाराष्ट्रासारख्या राज्यांत आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. म्हणजे चार रुपये दिल्लीचे, चार मुंबईचे. जाहिरातीवर फोटो मात्र दोन्हीकडचे पूर्ण आकाराचे असतात.

महागाई आपल्याला ठाऊक नाही, असं मी म्हणणार नाही. जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ५ टक्के होता, जानेवारी २०२५ पासून तो ५५ टक्के आहे. करोनातला दीड वर्षाचा खंड सोडला तर दर सहा महिन्यांनी तो न चुकता वाढत गेला, आणि वाढायलाच हवा होता; मीही पेन्शनर आहे, राज्याचा भत्ता मीही घेते. पण तुमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर पोहोचणारी महागाई तीन वर्षांच्या पोराच्या ताटलीपर्यंत का पोहोचत नाही, एवढं कुणीतरी सांगा. भत्त्याचंच गणित त्या आठ रुपयांना लावलं तरी ११ रुपये ८० पैसे होतात.

भत्त्याशी तुलना नको असेल तर शेजारच्या खात्याकडे बघा. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे साहित्याचा खर्च २०१७ साली ४ रुपये १३ पैसे होता. मग तो ४.३५ झाला, ४.४८ झाला, ४.९७ झाला, ऑक्टोबर २०२२ मध्ये ५.४५, डिसेंबर २०२४ मध्ये ६.१९, आणि यंदाच्या १ मेपासून ६.७८. सहा वेळा वाढ, त्यातल्या शेवटच्या दोन पाच महिन्यांच्या अंतराने. शाळेला धान्य फुकट येतं, स्वयंपाकिणीचं मानधन वेगळं असतं, आणि ही रक्कम एका वेळच्या जेवणाची आहे. आमच्याकडे आठ रुपयांत सकाळचा नाश्ता आणि दुपारचा गरम ताजा आहार, दोन्ही. शाळेच्या चालीने आमचा दर वाढला असता तर आज १३ रुपये १३ पैसे असता. त्यातही गंमत अशी की शाळेच्या बालवाटिकेत बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाला शाळेचा दर लागू होतो आणि त्याच वयाचं, त्याच गल्लीतलं अंगणवाडीतलं मूल आपल्या आठ रुपयांत राहतं. सरकार एकच, खाती दोन, आणि भूक बहुधा खातेनिहाय लागत असावी.

आता ताटलीकडे येते. मुख्यसेविका म्हणून माझ्या देखरेखीखालच्या बीटमध्ये पंचवीस मुलांची एक अंगणवाडी होती, तिचाच हिशेब मांडते. पंचवीस मुलं गुणिले आठ, दोनशे रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या अनुसूचीने मुलाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं देण्याचं बंधन घातलं. त्यासाठी खिचडीत मुलामागे तीस ग्रॅम तरी डाळ हवी. आठवडी बाजारात तूरडाळ किलोला १२० रुपये धरली तर नव्वद रुपये डाळीतच गेले. तेल अगदी मोजून घातलं तरी तीस. गॅसचं सिलिंडर आज मुंबईतच साडेआठशेच्या वर आहे, आमच्या डोंगरात ते पोहोचवायचे पैसे वेगळे, म्हणून रोजचे पस्तीस-चाळीस इंधनाचे धरा. उरले चाळीस रुपये. त्यात मीठ, मिरची, हळद, कांदा, पालेभाजी आणि सकाळचा नाश्ता. गहू-तांदूळ सवलतीत मिळतो, म्हणजे मिळतो तेव्हा मिळतो. नाही मिळाला तर तोही यातूनच. बचत गटाच्या दोन बाया सकाळी आठपासून चुलीपुढे असतात, त्यांच्या मजुरीचा रकाना मी या हिशेबात शोधला. सापडला नाही.

मग काय होतं तेही बघून ठेवा, कारण आपल्या डॅशबोर्डवर ते दिसत नाही. डाळ तीसवरून वीस ग्रॅमवर येते, मग पंधरावर. पातेल्यात पळी फिरवली की पाणी आधी वर येतं, डाळ तळातून शोधावी लागते. नाश्त्याला चार दिवस मुरमुरे. बिलं तीन-तीन, चार-चार महिने अडकली की गट किराणावाल्याकडे उधारी करतो, उधारी थांबली की गटाची अध्यक्षीण स्वतःच्या घरची डाळ आणते. आमच्या बीटमधल्या एका अध्यक्षीणबाईने नवऱ्याला कळू न देता पायातले वाळे गहाण टाकले होते. पर्यवेक्षण भेटीच्या नोंदवहीत मला 'आहाराचा दर्जा : समाधानकारक' असं लिहावं लागे, कारण असमाधानकारक लिहिलं तर कारणे दाखवा नोटीस त्याच बाईला जायची, आपल्याला नाही.

आमच्या आदिवासी भागात राज्याची अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. गरोदर-स्तनदा बायांना एक वेळचं जेवण, मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी. निधी वेळेवर आला की ती योजना चांगली चालते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ती आदिवासी उपयोजनेच्या गावांपुरती. सपाटीवरच्या, मराठवाड्यातल्या, मुंबईच्या झोपडपट्टीतल्या मुलाला आपले आठच. बाजारात एक अंडं साडेसहा-सात रुपयांना आहे. ते दिलं की उरलेल्या रुपयात नाश्ता, जेवण आणि आपलं ब्रीदवाक्य.

आकडे आपल्याला आवडतात म्हणून आपल्याच सर्वेक्षणातले देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५, २०१९ ते २१. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, ३६.१ टक्के कमी वजनाची, २५.६ टक्के लुकडी. देशाचा लुकडेपणाचा आकडा १९.३ आहे, म्हणजे स्वतःला प्रगत म्हणवणारं राज्य देशाच्याही मागे. तीव्र लुकडेपणा आधीच्या फेरीत ९.४ टक्के होता, तो १०.९ झाला. खुजेपण ३४.४ वरून ३५.२. या दोन फेऱ्यांच्या मधेच तर आपलं पोषण अभियान सुरू झालं. दरवर्षी सप्टेंबरात पोषण माह, वसंतात पोषण पंधरवडा. रांगोळी काढा, प्रभातफेरी काढा, शपथ घ्या, पाककृती स्पर्धा घ्या, फोटो अपलोड करा. त्या पाककृती स्पर्धेच्या टेबलावर मी खजूर, तीळ, शेवगा, पनीर असं सगळं पाहिलंय. बाया घरून आणतात. बक्षीस वाटून झालं की टेबल आवरतं आणि पातेल्यात पुन्हा पंधरा ग्रॅम डाळ.

प्रसिद्धीवरून आठवलं. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ'साठी २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६ कोटी ७२ लाखांपैकी ७८.९१ टक्के रक्कम नुसत्या प्रसिद्धीवर गेली, असं संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने २०२१ मध्ये म्हटलं. समितीच्या अध्यक्षा तेव्हा आमच्याच नंदुरबारच्या खासदार होत्या, सत्ताधारी पक्षाच्या. म्हणजे हा विरोधकांचा कांगावा होता असंही म्हणायची सोय नाही.

यंदा १ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात अंगणवाडीच्या पोषण कार्यक्रमाचा उल्लेख केला. आठ कोटींहून अधिक मुलं, एक कोटी गरोदर व स्तनदा माता, आणि आहाराच्या खर्चाचे निकष 'योग्य प्रकारे' वाढवले जातील. त्या रात्री आमच्या अंगणवाडी ताईंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेढ्यांची चित्रं फिरली. आता पाच महिने उलटले. तरतूद २१,२०० कोटींवरून २१,९६० कोटी झाली, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. योग्य प्रकार कोणता ते अजून कळलेलं नाही.

आदेश निघत नाहीत असं मात्र नाही. १ जुलैपासून घरपोच आहाराचं पाकीट घ्यायला मोबाइलच्या अॅपवर लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवणं आपण सक्तीचं केलंत. ही यंत्रणा वेळेवर आली, तिला आठ वर्षं लागली नाहीत. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर ताई आईला घेऊन टेकडी चढते, मोबाइल उंच धरते, आईला डोळे मिचकाव म्हणते. चाक फिरत राहतं. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, आता बाळंतपणाने गालफडं बसलेली. यंत्राला बाई ओळखू येत नाही. दिवाळीनंतर तर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जाईल. मूल आजीजवळ राहिलं तर चेहरा कुणाचा दाखवायचा? २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकामी मोबाइल परत केले होते, त्यातून आपण नेमका एवढाच बोध घेतलेला दिसतो की अॅप आणखी जड करायचं. आठ रुपयांच्या आहाराला एवढा पहारा! आणि पहारा देणारीचं केंद्राने ठरवलेलं मानधन महिन्याला ४,५०० रुपये, हा दर ऑक्टोबर २०१८ चा.

'पैसे वाढवले तर खाल्ले जातील' हे आपल्या बैठकांतलं लाडकं वाक्य. खाल्ले गेलेच आहेत, पण कुणी खाल्ले? आहाराच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावलं होतं. तरी २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाला महाराष्ट्रातली घरपोच आहाराची सुमारे ६,३०० कोटींची कंत्राटं रद्द करावी लागली, कारण निविदेच्या अटीच अशा होत्या की पातेलं ढवळणाऱ्या खऱ्या गटांना शिरकाव नव्हता. त्या अटी लिहिणाऱ्यांचा चेहरा कुठल्या अॅपने टिपला? संशय मात्र वाळे गहाण टाकणाऱ्या बाईवर.

दुसरं उत्तर येईल की राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून भर घालावी. जरूर घालावी. पण कायद्याने ठरवलेल्या कॅलरी दिल्लीच्या, त्यांची किंमत २०१७ ची, आणि तफावत राज्याने भरायची, हा कुठला न्याय? तिजोरीचाच प्रश्न असेल तर हिशेब सोपा आहे. आपलीच आठ कोटी मुलं आणि वर्षाचे ३०० दिवस धरा. दर आठाचा बारा केला तर केंद्रावर दोन रुपयांचा भार येतो, वर्षाला ४,८०० कोटी. महाराष्ट्र एकट्या 'लाडकी बहीण'साठी यंदा ३६,००० कोटी ठेवतो. बहिणींना मिळतंय त्याचा मला हेवा नाही, त्यातल्या कित्येकींची पोरं माझ्या वजनकाट्यावर उभी राहिलीत. पण बहिणीला मतदान आहे, तिच्या तीन वर्षांच्या पोराला नाही, हे न कळण्याइतक्या आम्ही भोळ्या नाही.

येत्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजनेला पन्नास वर्षं होतील. १९७५ साली ३३ प्रकल्पांवर सुरू झालेली ही योजना. आपण समारंभ करालच, आणि फेटे बांधून ताईंना दिल्लीला बोलवाल. त्याआधी तीन गोष्टी करा. दर वाढवणारा आदेश काढा, आणि तो महागाई निर्देशांकाशी जोडा, म्हणजे पुढच्या वाढीसाठी कुणा निवृत्त मुख्यसेविकेला पत्र लिहावं लागणार नाही. इंधन आणि स्वयंपाकाची मजुरी आहाराच्या दरातून बाहेर काढून वेगळी द्या, शाळेला देता तशी. आणि चेहरा जुळला नाही म्हणून एकाही मुलाचं पाकीट अडणार नाही, असं लेखी कळवा. तोंडी नको, तोंडी आदेशांवर आमची अख्खी नोकरी गेली.

या पत्राची पोच मिळेल, ती संगणक आपोआप देतो. मला उत्तर हवंय, सही असलेलं.

आपली,
एक सेवानिवृत्त मुख्यसेविका,
जिल्हा नंदुरबार
जुलै २०२५

प्रत माहितीस्तव :
महिला व बाल विकास विभाग, मंत्रालय, मुंबई – आपल्या वाट्याच्या चार रुपयांबाबत.
अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली – 'योग्य प्रकारे' म्हणजे किती रुपये आणि कोणत्या तारखेपासून, एवढंच कळवावं.