गाडी बाबांची, विमा कुणाचा?

गेल्या जुलैत आमच्या गल्लीतल्या गुलमोहराची एक जाडजूड फांदी रात्रीच्या पावसात खाली आली. खाली तीन गाड्या होत्या, त्यातली मधली माझी. हेडलाइट फुटलेला, पुढचा मडगार्ड चेपलेला, हँडल वाकडं. मी फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘टेन्शन नाही, पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे.’

टेन्शन होतं. गॅरेजवाल्या काकांनी पॉलिसी मागितली, मी मोबाइलमधली पीडीएफ उघडून दिली. त्यांनी ती दोन बोटांनी मोठी केली, पहिल्याच पानावरच्या एका तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘ताई, हे तर बावीस सालीच संपलंय.’’ बिल झालं साडेबारा हजार. स्टायपेंड किती मिळतो ते इथे लिहीत नाही, पण तो त्यापेक्षा कमी आहे.

आता तुम्ही तुमची पॉलिसी काढा. खरंच काढा, मी थांबते. व्हॉट्सअॅपवर नसेल तर शोरूमनं दिलेल्या त्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये असेल, पहिल्या सर्व्हिसिंगच्या कुपनांच्या मागे.

पहिल्या पानावर विम्याच्या मुदतीच्या बहुतेक दोन ओळी दिसतील. एक ‘थर्ड पार्टी’ची, दुसरी ‘ओन डॅमेज’ची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, चारचाकीला तीन वर्षांचा. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा ओन डॅमेज भाग मात्र बहुतेक वेळा फक्त पहिल्या वर्षापुरता असतो. तो दरवर्षी वेगळा भरायचा. शोरूममध्ये चावीला हार घालून पेढे वाटण्याच्या गडबडीत ‘‘इन्शुरन्स पाच वर्षांचा आहे सर’’ एवढंच वाक्य कानावर पडतं. वाक्य खोटं नाही. अर्धं आहे. आमची गाडी २०२१ च्या दिवाळीची, म्हणजे चार दिवाळ्या मी या अर्ध्या वाक्यावर काढल्या.

मला राग बिलाचा कमी आला. जास्त आला तो याचा, की पत्रकारिता शिकणारी, दिवसभर दुसऱ्यांना ‘कागद दाखवा’ म्हणणारी मी, स्वतःच्या गाडीचा कागद एकदाही वाचलेला नव्हता. मग हट्टानं वाचला. पुढचं सगळं त्या वाचनातून आलंय, आणि फांदी ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट निघाली.

आपल्यासाठी विमा म्हणजे चौकात मामांना दाखवायचा कागद. पीयूसी, लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, एका दमात म्हणायचं आणि डिजिलॉकर उघडायचं. नसेल तर दंड. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर विम्याशिवाय गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड चार हजार. गंमत बघा, जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये होता, जीएसटी वेगळा. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्यांचा. दोन पिझ्झांचे पैसे. तरीही पाचवं वर्ष संपलं की तो भरायचा राहतो, कारण त्या दिवशी शोरूमवाला समोर नसतो.

पण हा विमा दंड वाचवायला नाहीच. नावातच उत्तर आहे. पहिली पार्टी तुम्ही, दुसरी कंपनी, तिसरी म्हणजे तुमच्या गाडीखाली येऊ शकणारा कुणीतरी. कायद्यानं फक्त त्याची सोय सक्तीची केली आहे, तुमची नाही. तुमची गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात वाहून गेली, तर कायद्याचं काही म्हणणं नाही.

त्या तिसऱ्याची सोय केवढी असते, याचा अंदाज मला अजिबात नव्हता. अपघातात कुणी दगावलं तर भरपाई ठरवायची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिली आहे. ती वापरून एक हिशेब करून पाहू. समजा, ३२ वर्षांचा एक भाजीविक्रेता. महिन्याला वीस हजार कमावणारा, मागे बायको, एक मूल आणि आई. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा असलेला माणूस पुढे जास्त कमावेल म्हणून त्यात ४० टक्के वाढ, ३ लाख ३६ हजार. तो स्वतःवर खर्च करील तो एकतृतीयांश वजा, उरले २ लाख २४ हजार. त्या वयाचा गुणक १६. गुणाकार करा. ३५ लाख ८४ हजार, आणि अंत्यसंस्कार वगैरेंची रक्कम वर.

पॉलिसी असेल तर हे पैसे कंपनी देते. माणसाच्या मृत्यूच्या किंवा दुखापतीच्या भरपाईला त्या ७१४ रुपयांच्या पॉलिसीत वरची मर्यादा नाही. पॉलिसी नसेल तर ते देणं चालवणाऱ्यावर आणि मालकावर येतं. आणि मालक कोण? आरसीवर बघा. कॉलेजच्या पार्किंगमधल्या कुठल्याही दहा गाड्यांची आरसी बघा. बाबा, आई, काका, एखादा पुण्याबाहेर नोकरीला गेलेला दादा. आपण गाडी उडवतो ती त्यांच्या घरावर आणि पीएफवर.

‘असल्या गोष्टी आपल्या बाबतीत होत नाहीत’ हे वाक्य माझ्याही डोक्यात येतं. मग मी सकाळी साडेआठला सिंहगड रोडवर गाडी घालते आणि ते वाक्य आपोआप गळून पडतं.

आता माझ्यासाठी सगळ्यात धक्कादायक निघालेली गोष्ट. पॉलिसीत ‘ओनर-ड्रायव्हर’ नावाचा एक वैयक्तिक अपघात विमा असतो, १५ लाखांचा. २०१८ पासून रक्कम एवढी वाढवली आहे. शब्द नीट वाचा. ओनर. आणि ड्रायव्हर. म्हणजे जो मालक आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे, तोच. आमच्या गाडीचे ओनर बाबा. ते ती गाडी वर्षातून दोनदा, गणपतीत आणि दिवाळीत चालवतात, तेही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. बाकीचे ३६३ दिवस चालवणारी मी, त्या १५ लाखांत कुठेच नाही.

‘बरं, मग मी थर्ड पार्टी तरी असेन ना?’ मीही हेच विचारलं. तर नाही. कर्नाटकातल्या एका तरुणानं ओळखीच्या माणसाची मोटरसायकल चालवायला घेतली होती, ती बैलगाडीवर आदळली आणि तो गेला. बायको भरपाई मागायला न्यायालयात गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, गाडी उसनी घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो. त्यामुळे चूक कुणाची हे न पाहता भरपाई देणाऱ्या कलमाखाली त्याच गाडीच्या विम्यातून त्याच्या वारसांना मागता येत नाही. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर त्या गाडीच्या विम्यावर हक्क आहेच. पण तुमच्या हातून गाडी घसरली, खड्डा चुकवताना दुभाजकावर गेलात, तर बाबांच्या पॉलिसीत तुम्ही पहिले नाही, दुसरे नाही, तिसरेही नाही. अपघातात मी कुठल्याच बाजूला नाही, हे पचायला मला दोन दिवस लागले.

यावर उपाय अवघड नाहीत. स्वतःच्या नावानं वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढता येते, ती कुठल्याही गाडीवर, अगदी पायी चालतानाही लागू असते. किंवा गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. मी पहिला मार्ग घेतला, कारण दुसऱ्यासाठी आरटीओत जायला बाबांना सुट्टी हवी.

आणि डबलसीट? आपलं अर्धं कॉलेज डबलसीट येतं. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की निव्वळ सक्तीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे फुकट बसलेला माणूस धरला जात नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे दोन्ही भाग असलेल्या पॉलिसीत तो धरला जातो. विमा नियामकानं २००९ मध्ये तसं परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलं. म्हणजे माझ्या पॉलिसीचा ओन डॅमेज भाग २०२२ मध्ये संपला तेव्हा फक्त हेडलाइट उघडा पडला नव्हता. मागच्या सीटवर रोज बसणारी माझी रूममेटही उघडी पडली होती. तिला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘आणि मी पेट्रोलचे अर्धे पैसे देते.’’

तिच्या या वाक्यापुढे माझ्याकडे काही युक्तिवाद नव्हता.

सीनिअरकडून सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. ‘नावावर नंतर करू, आधी चालव’ हा आपला राष्ट्रीय व्यवहार. घेणाऱ्याला ते सोयीचं वाटतं, पण मरण विकणाऱ्याचं आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक कार आली, जी विकली गेली, मग हातोहात पुढे विकली जात राहिली, आणि आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. अपघात झाला. न्यायालय म्हणालं, नोंदीत ज्याचं नाव तो मालक, भरपाई त्यानं द्यायची. म्हणजे पास होऊन बंगळूरला गेलेला सीनिअर तुमच्या सिग्नल तोडण्याला इथे बांधलेला. विकताना १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि घेणाऱ्यानं १४ दिवसांत विमा कंपनीला. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर आपोआप येतो, ओन डॅमेज येत नाही. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस हा त्याचा असतो, गाडीचा नव्हे. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी ती सवलत तो पुढच्या गाडीला घेऊन जातो.

संध्याकाळी डिलिव्हरीची कामं करणारे बरेच मित्र माझ्या वर्गात आहेत. त्यांनी पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ हा परिच्छेद शोधा. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं किंवा मालवाहतुकीसाठी वापर बसत नाही. ऑर्डर पोचवताना गाडी ठोकली तर दुरुस्तीचा क्लेम याच ओळीवर अडतो. ज्या अॅपसाठी धावता ते काही विमा देतं का आणि कशाचा देतं, हे त्यांना लेखी विचारा. लायसन्स नसलेल्या दोस्ताला चावी देणारेही लक्षात ठेवा: जखमीला कंपनी पैसे देते, पण जाणूनबुजून चावी दिलीत असं ठरलं तर मागून तुमच्याकडून वसूल करते.

आता थोडं भांडण. आम्ही वाचत नाही, मान्य. पण माझी पॉलिसी इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, आणि तिच्यातली सगळ्यात महत्त्वाची तारीख इतर सगळ्या तारखांएवढ्याच अक्षरात आहे. विम्याचा हप्ता भरा म्हणून मेसेज येतात, तेही त्या बाबांच्या नंबरवर, ज्यांना दिवसाला लोनचे सात मेसेज येतात. कॉलेजात दरवर्षी रस्ता सुरक्षा सप्ताह होतो, हेल्मेटची रॅली निघते, फोटो येतात. चांगलंच आहे. पण त्या आठवड्यात एक तास प्रत्येकानं आपली पॉलिसी उघडून बसावं, शेजारी एखादा मोटार अपघात न्यायाधिकरणात काम करणारा वकील बसवावा, एवढं कुठल्याही कॉलेजला जमण्यासारखं आहे. शोरूमनं गाडी देताना ‘ओन डॅमेज या तारखेला संपेल’ एवढी एक ओळ मराठीत, मोठ्या अक्षरात चावीच्या पाकिटावर छापावी. पेढ्यांच्या बॉक्सवर स्वतःचं नाव छापतातच की.

माझं म्हणाल तर, फक्त ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी मिळते, २०१९ पासून मिळते. ती घेतली. हप्ता हजाराच्या आत आला. ‘झिरो डेप’ही घेतलं, कारण नाहीतर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांचे कंपनी निम्मेच पैसे देते, आणि आजकालच्या स्कूटरमध्ये प्लॅस्टिक सोडून असतं काय?

फॉर्म भरताना मालकाच्या लायसन्सची माहिती हवी होती. बाबांना फोन केला. ते बराच वेळ कपाट धुंडाळत होते, मग म्हणाले, ‘‘अगं, हे तर दोन वर्षांपूर्वीच संपलंय.’’ म्हणजे त्या १५ लाखांत मी नव्हतेच. बाबाही नव्हते.